सतत चार्जरला जोडलेल्या लॅपटॉपची बॅटरी कशी जपावी

दोन वर्षांपूर्वी माझ्या लॅपटॉपचा टचपॅड एका कडेने किंचित वर आला आणि झाकणही नीट मिटेना. धूळ अडकली असेल असे समजून मी आठवडाभर तसेच काम रेटले. दुरुस्ती करणाऱ्याने तळाचे आवरण उघडून दाखवले, तेव्हा आतली चपटी बॅटरी उशीसारखी फुगलेली होती. तो लॅपटॉप नागपुरातल्या घरी, खिडकीजवळच्या टेबलावर, दिवसरात्र चार्जरला जोडलेला असे आणि बॅटरी कायम १०० टक्क्यांवर असे.

‘ओव्हरचार्ज होते, म्हणून रात्री प्लग काढावा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण बॅटरी भरली की लॅपटॉपमधील नियंत्रक चार्जिंग आपोआप थांबवतो आणि लॅपटॉप अ‍ॅडॅप्टरच्या विजेवर चालू राहतो. खरी झीज होते ती बॅटरी काठोकाठ भरलेल्या अवस्थेत पडून राहिल्याने. लॅपटॉपच्या बॅटरीतला लिथियम-आयन सेल पूर्ण भरतो तेव्हा त्याचा विद्युतदाब साधारण ४.२ व्होल्ट, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा अधिक असतो. इतक्या चढ्या दाबाला आतील द्रवाची इलेक्ट्रोडशी, म्हणजे सेलच्या धन-ऋण टोकांशी, अभिक्रिया हळूहळू होत राहते, ऋण इलेक्ट्रोडवरचा थर जाड होत जातो, उपयोगाचे लिथियम त्यात अडकते आणि काही वेळा वायूही तयार होतो. उष्णतेने हे सगळे वेगाने होते.

बॅटरी पार उतरवून मगच चार्जिंगला लावावी, ही सवय निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली आहे. लिथियम-आयन बॅटरीला ती उलट मारकच ठरते. ४० टक्क्यांवर लावून ८० टक्क्यांवर काढली तरी काहीही बिघडत नाही.

काही बदलण्याआधी बॅटरीची स्थिती तपासावी. विंडोजमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ ही आज्ञा टाइप करायची खिडकी उघडून ‘पॉवर’ या इंग्रजी शब्दाला जोडूनच सी, एफ, जी ही अक्षरे लिहावीत, एक जागा सोडावी आणि तिरक्या रेघेनंतर (/) ‘बॅटरीरिपोर्ट’ हा इंग्रजी शब्द सलग टाइप करून एंटर दाबावे. अहवालाची फाइल कुठे साठवली, ते तिथेच दिसते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ (नव्या बॅटरीची क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आता पूर्ण भरल्यावरची क्षमता) असे दोन आकडे असतात. पहिला ५०,००० मिलिवॉट-तास आणि दुसरा ४१,००० असेल, तर बॅटरीची ८२ टक्के क्षमता शिल्लक आहे. मॅकवर ही माहिती सेटिंग्जमधील ‘बॅटरी’ विभागात ‘बॅटरी हेल्थ’समोर मिळते.

आता मुख्य काम, चार्जिंगला मर्यादा घालणे. लेनोव्होच्या अनेक लॅपटॉपवर ‘व्हँटेज’ या अ‍ॅपमध्ये ‘कॉन्झर्व्हेशन मोड’ असतो, आसूसच्या ‘मायआसूस’मध्ये कमाल चार्जिंग ८० टक्क्यांवर, काही आवृत्त्यांत ६० टक्क्यांवरही रोखता येते, तर डेल आणि एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अशी सोय बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, दिलेली असते. लॅपटॉप टेबलावरून क्वचितच हलत असेल तर ६० टक्के, अधूनमधून बाहेर न्यावा लागत असेल तर ८० टक्के, असे मी सुचवेन. मात्र ज्या गावात रोज चार-चार तास वीज जाते, तिथल्या विद्यार्थ्याने मर्यादेच्या नादी लागू नये. बॅटरी शेवटी वापरासाठीच आहे. मर्यादा घातल्यावर ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ असा संदेश दिसू लागतो. तो बिघाड नव्हे, चार्जर बदलायला धावू नये.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा, लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चार्ज करू नये, कारण हवेची वाट बंद होऊन बॅटरी तापते. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तो ठेवूच नये. व्हिडिओ संपादनासारखे जड काम चालू असताना मागची बाजू बोटभर उंच केली तरी फरक पडतो. मी त्यासाठी लाकडाचे दोन तुकडे वापरतो.

टक्क्यांचा आकडा अचानक ३० वरून ५ वर उडी मारू लागला, तर एकदाच पूर्ण चार्ज करून, मग १० टक्क्यांपर्यंत उतरवून पुन्हा पूर्ण चार्ज करावे. त्यामुळे मोजणी बऱ्याचदा ताळ्यावर येते. गेलेली क्षमता मात्र परत मिळत नाही.

दोन-तीन महिने लॅपटॉप वापरायचा नसेल तर साधारण निम्मी बॅटरी ठेवून तो पूर्ण बंद करावा, नुसता स्लीपवर ठेवू नये. फुगलेल्या बॅटरीवर मात्र यातला कोणताही उपाय नाही. चार्जर लगेच काढावा, बॅटरी दाबू किंवा टोचू नये, ती जाणकाराकडून काढून घ्यावी आणि घंटागाडीत न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.