रत्नागिरी ते चिपी: हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ कसा काढावा

रत्नागिरीहून चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळाला, रस्त्याने निघालं की पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड अशा खाड्या आडव्या येतात, म्हणून महामार्ग आतून जातो. विमानाला खाडी आडवी येत नाही. पण रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाचा, त्यामुळे तिकिटांच्या साइटवर या दोघांमधला वेळ छापलेला मिळेलच असं नाही. हिशेब आपणच करायचा. कागद आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो.

१. अक्षांश-रेखांश घ्या. मोबाइलच्या नकाशात धावपट्टीच्या मध्यावर बोट दाबून धरा. रत्नागिरी १७.०१, ७३.३३, चिपी १६.००, ७३.५३. पहिला आकडा अक्षांशाचा. उलट टाकलात तर रत्नागिरी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते, ही चूक निदान लगेच कळते. न कळणारी चूक वेगळीच: ७३ अंश २० मिनिटं म्हणजे ७३.२० नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं, उत्तर ७३.३३. इथे चुकलात की जागा १४ किलोमीटर सरकते.

२. फरकाचे किलोमीटर करा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किमी. रेखांशाचा अंश उत्तरेकडे आखडत जातो. कोकणात १०६ धरा.

उत्तर-दक्षिण: १.०१ × १११ = ११२
पूर्व-पश्चिम: ०.२० × १०६ = २१

दोन्हींचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ: ११४ किमी. वैमानिक सागरी मैलात बोलतात, म्हणून १.८५२ ने भागा: साधारण ६२. (१.६ ने भागू नका, तो रस्त्यावरचा मैल.) चार-पाचशे किलोमीटरपर्यंत ही रीत चालते, त्यापुढे पृथ्वीची गोलाई धरणारं सूत्र वापरा.

३. वेळ. बहुतेक जण इथेच फसतात. एटीआर-७२ या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारे २७५ सागरी मैल, म्हणून ६२ भागिले २७५, गुणिले ६०, उत्तर १४ मिनिटं! तो वेग वर पोचल्यावरचा. उतरताना दर हजार फुटांना ३ सागरी मैल लागतात. १०,००० फुटांवरून उतरायचं तर ३० मैल त्यातच गेले, म्हणजे जवळपास निम्मी वाट. उरलेल्यातलं बरंचसं चढण्यात जातं. इतक्या आखूड उड्डाणाला सरासरी २०० च धरा: १९ मिनिटं. वळसा घालून धावपट्टीच्या रेषेत यायला ५-६, जमिनीवर सरकायला १०. एकूण ३५ मिनिटं.

चिपीची धावपट्टी पूर्व-पश्चिम. दुपारी खारा वारा सुटला की समुद्राकडे तोंड करून, म्हणजे पूर्वेकडून उतरावं लागतं. त्या वळशाचे मैल सरळ रेषेत मोजलेलेच नसतात. पावसाळी पश्चिमेचा वारा मात्र या वाटेवर बाजूने लागतो, वेळेत त्याने फारसा फरक पडत नाही.

ताळा म्हणून मुंबई-चिपी काढून बघा: ३५० किमी, २७५ च्या वेगाने ४१ मिनिटं, वर चढ-उतार, वळसा आणि जमिनीवरचं सरकणं यांची भर २० ते २५. वेळापत्रकात याहूनही जास्त दिसेल, कारण कंपन्या मुंबईच्या गर्दीसाठी जास्तीचा वेळ धरून छापतात.

जून ते सप्टेंबर आणखी एक आकडा जवळ ठेवा. ढग खाली आले आणि विमान गोव्यातल्या मोपा विमानतळाला वळवलं, तर चिपी-मोपा हवाई अंतर ५० किमीच्याही आत, पण तिथून चिपीशेजारच्या परुळ्याला गाडीने दीड तास तरी धरावा.