आजोबांच्या ट्रान्झिस्टरवर गावाकडचं गाणं: नाशिकमध्ये जुना सेट पुन्हा बोलता करताना

भलरी, गवळण, गोंधळ, बैठकीची लावणी हे सगळं मोबाइलवर दोन मिनिटांत सापडतं आणि घरातल्या आजी तेवढ्याच वेळात कंटाळून उठतात. त्यांच्या कानात बसलेलं गाणं चार इंची स्पीकरमधून, चामडी कव्हराच्या भोकांतून, थोड्या खरखरीसकट आलेलं असतं. ते तसंच ऐकवायचं असेल तर माळ्यावरचा मर्फी, बुश, फिलिप्स किंवा नेल्को खाली उतरवावा लागेल. बहुतेक ट्रान्झिस्टर सेटमध्ये मोठा बिघाड नसतोच. गंज, धूळ आणि वाळलेले दोन-तीन कंडेन्सर एवढंच काम निघतं.

एक गोष्ट आधी लक्षात घ्या, नाहीतर चांगला सेट बिघडलेला समजून तुम्ही तो उघडून बसाल. आकाशवाणी नाशिक 101.4 मेगाहर्ट्झवर, म्हणजे एफएमवर आहे. जुन्या सेटला एफएमचा पट्टाच नसतो. त्यावर असतो मीडियम वेव्ह, साधारण 530 ते 1600 किलोहर्ट्झ, आणि एक-दोन शॉर्ट वेव्ह. म्हणजे गंगापूर रोडवरचा आकाशवाणी टॉवर खिडकीतून दिसत असला तरी आजोबांच्या रेडिओला त्याचा पत्ता नसतो. त्याला ऐकू येणार लांबची केंद्रं: मुंबई 558 आणि 1044, पुणे 792, जळगाव 963 किलोहर्ट्झ. डायलवर मीटर छापलेले असतील तर 3,00,000 ला किलोहर्ट्झने भागा. 558 म्हणजे 538 मीटर, 792 म्हणजे 379 मीटर. गेल्या काही वर्षांत देशातले बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद झाले आहेत, त्यामुळे एका केंद्रावर विसंबून सेटला दोष देऊ नका. चारही जागा तपासा.

सेलच्या खणापासून सुरुवात

मागचं झाकण काढलं की सेलच्या पट्ट्यांवर पांढरा-हिरवा थर दिसेल. जुने साधे सेल पाझरले की जे बाहेर येतं ते आम्लधर्मी असतं. त्यावर खायच्या सोड्याचं पाणी कापसाच्या बोळ्याने लावा, फेस थांबेपर्यंत. नंतर कुणी अल्कलाइन सेल टाकून विसरलं असेल तर उलटं करा: तो पाझर क्षारधर्मी असतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचे दोन थेंब. काय होतं ते कळत नसेल तर आधी नुसता ओला बोळा फिरवा. शेवटी स्पिरिटने पुसा आणि दिवसभर वाळू द्या. मग बारीक पॉलिश पेपरने पट्टी चमकवा. स्प्रिंग गंजून तुटायला आली असेल तर घासत बसू नका, बदला. पट्टीला जोडलेली तार वरून धड दिसते आणि आत हिरवी होऊन कुजलेली असते. हलकं ओढून पाहा.

नवे सेल टाकण्याआधी खणात छापलेली उलट-सुलट दिशा नीट वाचा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या पुष्कळ सेटमध्ये चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, प्लस जोडलेला असतो, मायनस नाही. इथे हात सवयीने चुकतो.

पहिल्यांदा चालू करताना मल्टिमीटर सेलच्या वाटेत सिरीजमध्ये लावून करंट बघा. आवाज पूर्ण कमी ठेवून साधारण 10 ते 20 मिलिअँपिअर आला तर सेट ठीक आहे. 100 च्या वर गेला तर लगेच बंद करा, कारण आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा मोठा कंडेन्सर शॉर्ट आहे. शून्य दाखवत असेल तर व्हॉल्यूमच्या बटणातला स्विच किंवा कुजलेली तार.

करंट बरोबर, पण आवाज अजिबात नाही? पार्ट बदलायच्या आधी इअरफोनचं छिद्र बघा. त्यात एक पत्ती असते. पिन घातली की ती स्पीकर तोडते आणि पिन काढली की परत जोडते. वीस-तीस वर्षांत त्या पत्तीवर गंज चढतो आणि स्पीकर कायमचा तुटलेला राहतो. पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करा. एवढ्यावर बोलू लागणारे सेट पुष्कळ. तरीही शांतता असेल तर दीड व्होल्टचा सेल स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. टक्क आवाज आला म्हणजे स्पीकर जिवंत आहे. तो जिवंत असेल तर फाटका असला तरी बदलू नका. पातळ टिश्यू आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलने कागद सांधता येतो. नव्या स्पीकरचा आवाज स्वच्छ येतो, पण ओळखीचा येत नाही.

खरखर, फटफट आणि सरकणारा काटा

बटण फिरवताना खरखर येते ती व्हॉल्यूम कंट्रोलच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर बसलेल्या धुळीची. कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक नळी बटणाच्या पायांजवळच्या फटीत धरून एकच फवारा मारा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. बँड स्विचलाही हेच करा. मीडियम वेव्हवर काहीच लागत नाही आणि शॉर्ट वेव्हवर फुसफुस येते, हा दोष बहुतेक वेळा स्विचचा असतो. स्वयंपाकघरातलं तेल घालू नका. आज आवाज जातो, पण सहा महिन्यांत त्यावर धूळ चिकटून लुकण होतं.

डायलवर ठरावीक जागीच कर्रकर्र होत असेल तर गँगच्या, म्हणजे काट्याबरोबर फिरणाऱ्या ट्यूनिंग कंडेन्सरच्या, पात्या तिथे एकमेकींना घासत आहेत. उघड्या पात्यांचा गँग असेल तर मऊ ब्रशने झटका, जाड कागदाची पट्टी पात्यांमधून अलगद फिरवा. पात्या वाकवायच्या नाहीत.

आवाज आला, पण मोटारसायकलसारखी फटफट होते आणि आवाज वाढवला की ती वाढते, तर सेलवर समांतर बसवलेला 100 किंवा 220 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर वाळला आहे. सेल कमजोर असले तरी हेच होतं, म्हणून आधी नवे सेल घालून पाहा. आवाज बारीक, जणू भिंतीपलीकडून, असा येत असेल तर 10 मायक्रोफॅरडचे छोटे कपलिंग कंडेन्सर गेले. त्याच मापाचे, 16 व्होल्टचे घ्या आणि प्लस-मायनस जुन्याप्रमाणेच ठेवा. काढण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा. डाग देताना 25 वॉटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं. जर्मेनियमला उष्णता सोसत नाही, त्याच्या पायाला चिमटा धरा. महात्मा गांधी रोडवर मोबाइलचे सुटे भाग मागाल तेवढे मिळतील. हे कंडेन्सर मात्र टीव्ही-अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्याकडे विचारा.

काट्याची दोरी तुटली असेल तर उरलेल्या दोरीची वाट कागदावर काढून मगच ती सोडवा. ट्यूनिंगच्या दांड्याला दोन-अडीच वेढे लागतात. एकच वेढा दिला की दोरी घसरते, चार दिले की अडकते. मासे धरायची गुळगुळीत नायलॉन दोरी वापरू नका, तीही घसरते. विणलेला बारीक दोरा हवा.

पिवळ्या, पांढऱ्या, काळ्या आणि लाल डोक्याचे चौकोनी डबे दिसतील. त्यांना पेचकस लावू नका. लाल ऑसिलेटरचा, बाकीचे आयएफटीचे (इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर). ते 455 किलोहर्ट्झला बसवलेले असतात. स्टील लावून अंदाजाने फिरवले की मातीसारखा गाभा तडकतो आणि चालणारा सेट कायमचा मुका होतो. दुरुस्तीला आलेल्या सेटमध्ये मूळ दोषापेक्षा हा दोष निस्तरायला जास्त वेळ जातो.

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, मोठा लाकडी सेट असेल तर वरचं सगळं विसरा आणि प्लग लावू नका. आत अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये साठून राहतात. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची चासी तर थेट विजेच्या तारेला जोडलेली असते. नॉब निखळलेला असेल तर त्याचा उघडा स्क्रूसुद्धा झटका देतो. हे काम व्हॉल्व्ह माहीत असलेल्या कारागिराचं. तो आधी 60 वॉटच्या सिरीज बल्बवर सेट लावेल. बल्ब भगभगून पेटला आणि तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे.

रेडिओ कुठे ठेवायचा, कुठल्या तोंडाने

आतली काळी फेराइटची कांडी हाच मीडियम वेव्हचा एरियल. वर ओढायची दांडी फक्त शॉर्ट वेव्हसाठी. कांडीचं टोक केंद्राकडे असेल तर केंद्र बुडतं, कांडी केंद्राच्या दिशेला काटकोनात असेल तर उचलतं. नाशिकहून पुणे जवळजवळ सरळ दक्षिणेला, म्हणून कांडी पूर्व-पश्चिम. मुंबई नैर्ऋत्येला, म्हणून वायव्य-आग्नेय. जळगाव ईशान्येला, म्हणून त्यासाठीही साधारण वायव्य-आग्नेय धरा आणि थोडं फिरवून बघा. कांडी बहुतेक सेटच्या लांबीला समांतर असते, त्यामुळे अख्खा रेडिओ फिरवला की झालं.

जुन्या नाशकातल्या मातीविटांच्या वाड्यात सेट आतल्या खोलीतही बोलतो. सिमेंटच्या इमारतीत स्लॅबमधलं लोखंड लहरी अडवतं, तिथे खिडकीची कड गाठा. दिवसा लहर जमिनीलगत येते, त्यामुळे आवाज कमी पण स्थिर. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरावरून परतणारी लहरही पोहोचते: लांबची केंद्रं उघडतात, पण आवाज लाटेसारखा चढतो-उतरतो आणि दोन केंद्रं एकमेकांत मिसळतात. आठवणीतलं रात्रीचं गाणं तसंच हेलकावत यायचं. तो बिघाड समजू नका.

आता खरा शत्रू. ‘पूर्वी लागायचं, आता नुसती घर्रघर्र’ अशी तक्रार असते तेव्हा दोष बहुधा घरातल्या एलईडी बल्बचा, मोबाइल चार्जरचा, इन्व्हर्टरचा, सेट-टॉप बॉक्सचा किंवा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा असतो. सेट सेलवर चालू ठेवा आणि घराचा मेन स्विच पाडा. घर्रघर्र थांबली तर एकेक एमसीबी वर करत जा, चोर सापडतो. थांबली नाही तर शेजाऱ्यांकडून किंवा रस्त्यावरच्या दिव्यांतून येतेय. सातपूर-अंबडच्या कारखान्यांजवळ किंवा सिडकोच्या दाटीत हे अटळ आहे. खात्रीसाठी सेट गंगापूर धरणाच्या मोकळ्या बाजूला किंवा शेतात नेऊन लावा. तिथे स्वच्छ बोलला तर सेट उघडायची गरज नाही. सेल वाचवायला मोबाइलचा चार्जर अॅडॉप्टर म्हणून जोडू नका, तो स्वतःच घर्रघर्रतो. जड, ट्रान्सफॉर्मरवाला एलिमिनेटर चालेल. सेल सर्वांत शांत.

तरीही केंद्र क्षीण असेल तर लूप बनवा. 60 सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट घ्या. त्यावर प्लास्टिक आवरणाची साधी तार 12 वेढे गुंडाळा, दोन वेढ्यांत 5 मिलिमीटर अंतर ठेवा. तीस मीटर तार लागेल. दोन्ही टोकं भंगारातल्या व्हॉल्व्ह सेटच्या गँगच्या एका भागाला जोडा. रेडिओला काहीच जोडायचं नाही. चौकट सेटच्या मागे हातभर अंतरावर उभी करा. तिची कड केंद्राकडे हवी, सपाट बाजू नको, आणि रेडिओची कांडी चौकटीच्या पृष्ठभागाला काटकोनात. मग गँग हळू फिरवा. एका जागी आवाज झपकन उचलेल. 558 पर्यंत पोहोचत नसेल तर एक वेढा वाढवा, डायलचं वरचं टोक लागत नसेल तर एक काढा.

तेच गाणं हवं असेल तर

आकाशवाणी नेमकं तेच गाणं कधी लावेल याचा भरवसा नाही. आधी गाणं ओळखावं लागतं, आणि शब्द आठवत नसले तरी वाद्यं आठवतात. ढोलकी आणि तुणतुणं असेल तर तमाशाकडचं, लावणी किंवा गण-गवळण. डफ आणि तुणतुणं असेल तर पोवाडा. संबळ ऐकू यायचा म्हणजे गोंधळ. कापणीची लय आणि मागून ओढून धरणारे पुरुष म्हणजे भलरी. ते कधी लागायचं, पहाटे, दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात की संध्याकाळी शेतकऱ्यांच्या, हेही विचारा. त्यावरून शोध निम्मा होतो. ध्रुवपदाची अर्धी ओळ आठवली तर ती आठवली तशीच, चुकीच्या शब्दांसकट लिहून घ्या. ध्वनिमुद्रण बरंचसं चुकीच्या ऐकण्यावरूनच सापडतं.

सापडलेलं गाणं किंवा एफएमवरचं नाशिक केंद्र जुन्या सेटमधूनच वाजवायचं असेल तर व्हॉल्यूम कंट्रोलपासून मोबाइलच्या पिनची तार बाहेर काढा. हे फक्त सेलवरच्या ट्रान्झिस्टरला, व्हॉल्व्ह सेटला कधीच नाही. कंट्रोलचे तीन पाय: एक जमिनीचा (अर्थ), मधला पुढे अँप्लिफायरला जाणारा, तिसरा डिटेक्टरकडून, म्हणजे लहरीतून आवाज वेगळा करणाऱ्या भागाकडून, येणारा. मोबाइलच्या 3.5 मिलिमीटर पिनच्या डाव्या आणि उजव्या तारांना एकेक किलोओहमचा रेझिस्टर लावून त्या एकत्र करा. मग 1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आणि तिथून तिसरा पाय. पिनची जमीन जमिनीच्या पायाला. दोन्ही तारा रेझिस्टरशिवाय थेट जोडल्या तर फोनचे दोन चॅनल एकमेकांवर चालतात. फोन चार्जिंगला लावलेला नको. डायलचा काटा रिकाम्या जागी न्या, नाहीतर मागे मुंबई केंद्र बोलत राहील. आवाज फाटला तर रेडिओचं बटण तसंच ठेवून फोनचा आवाज निम्म्यावर आणा, कारण जुन्या अँप्लिफायरला एवढा जोराचा सिग्नल पेलत नाही.