फोटो व्हायरल करीन म्हणून धमकी आलीये? आधी चॅट डिलीट करू नका

फोटो मॉर्फ करून (म्हणजे चेहरा किंवा फोटो खोटा जोडून-बदलून) पाठवलाय, किंवा जुन्या नात्यातला फोटो दाखवून एक्स म्हणतोय की ऐक नाहीतर तुझ्या घरच्यांना पाठवतो, अशा वेळी हात आधी डिलीट आणि ब्लॉककडेच जातो, साहजिक आहे, पण थोडं थांबा. पुरावा आधी, ब्लॉक नंतर. स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख, वेळ दिसली पाहिजे, आणि प्रोफाइलची लिंक कॉपी करून ठेवा कारण नाव आणि डीपी तो कधीही बदलेल. व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट एक्सपोर्ट करा. फोन फॉरमॅट करू नका, विकू पण नका, कोर्टात लागू शकतो.

पैसे अजिबात देऊ नका, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. दिले गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

मग अ‍ॅपवर रिपोर्ट करा आणि त्यांच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला (तक्रार निवारण अधिकाऱ्याला) पण मेल टाका. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे स्वतःच्या खाजगी किंवा मॉर्फ केलेल्या फोटोची तक्रार गेली की तो जास्तीत जास्त 2 तासांत काढावा लागतो (फेब्रुवारी 2026 च्या दुरुस्तीआधी ही मुदत 24 तासांची होती), त्यामुळे तक्रारीची वेळ लिहून ठेवा.

तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर. महिलांच्या प्रकरणात नाव न देता पण करता येते, पण तिचं पुढे काय झालं ते ट्रॅक करता येत नाही, म्हणून मी तरी सांगेन की जमत असेल तर नाव देऊनच करा. पोलीस स्टेशन कुठलंही चालतं, "आमच्या हद्दीत येत नाही" म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असली तरी नोंदवली जाणारी एफआयआर) मागा. भारतीय न्याय संहितेचं कलम 78 म्हणजे पाठलाग, त्यात नको म्हटल्यावर पण मेसेज करत राहणं आणि ऑनलाइन पाळत ठेवणं दोन्ही येतं, आणि आयटी कायद्याची 66ई, 67, 67ए ही फोटो-व्हिडिओची कलमं. 78 सारख्या गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो, तसं स्पष्ट सांगा. तरी एफआयआर घेतली नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा (शहरात असाल तर डीसीपींना, म्हणजे पोलीस उपायुक्तांना), पोचपावती सांभाळा, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

मुलगी 18 च्या आतली असेल तर पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) लागतो, 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन करा, आणि तिचा फोटो "हे बघ काय चाललंय" म्हणून सुद्धा कोणाला फॉरवर्ड करू नका.

मैत्रीण तुमच्याकडे हे घेऊन आली तर "पण तू फोटो पाठवलासच कशाला" हे प्लीज विचारू नका, गुन्हा धमकी देणाऱ्याचा आहे, तिच्यासोबत स्टेशनला जा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 या कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनला फोन करा, महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे वकील फुकट मिळतो.