लेझर कोरीवकामात शिरोरेषेवर पडणाऱ्या फटी: माझा अनुभव

लाकडी नामफलकावर मराठी नाव कोरताना, जिथे दोन अक्षरांच्या शिरोरेषा जुळतात नेमका तेवढाच भाग कोरा राहत असे. लेझरची शक्ती वाढवली, वेग कमी केला, फॉन्टही बदलला. वाढला तो फक्त वैताग.

शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून फॉन्टमधील अक्षरे एकमेकांवर किंचित चढलेली असतात आणि लाइटबर्नच्या (लेझर यंत्र चालवणारे सॉफ्टवेअर) ‘फिल’ पद्धतीत, म्हणजे आकृतीचा आतला भाग भरून कोरताना, अशा दोन बंद आकृत्यांचा सामाईक भाग रिकामा धरला जातो. म्हणून मूळ फाइलची प्रत बाजूला ठेवून (पुढे अक्षरे टंकून दुरुस्त करता येत नाहीत) इंकस्केप या रेखाचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर निवडला, ‘पाथ’ मेनूतून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ केले (म्हणजे अक्षरांच्या आकृत्या केल्या), मग ‘अनग्रुप’ करून त्या सुट्या केल्या, आणि सर्व अक्षरे निवडलेली असतानाच ‘युनियन’ देऊन त्यांची एकच आकृती केली. फक्त कडा दाखवणाऱ्या ‘आउटलाइन’ दृश्यात शिरोरेषेत एकही आडवी येणारी उभी रेघ उरली नाही हे पाहून फाइल ‘प्लेन एसव्हीजी’ या साध्या रेखाचित्र-स्वरूपात जतन केली. ती लाइटबर्नमध्ये आणल्यावर शिरोरेषा सलग कोरली गेली.