मोडलेलं मेंदीचं कुंपण, विमा आणि शेजारी : या चुका टाळा

बेळगावात, हिंडलग्याच्या बाजूला आमचं घर. परसात धुण्याचा दगड आणि पाण्याचा बंब. शेजारच्या खिडकीतून तिथे नजर पडू नये म्हणून नऊ वर्षं मेंदी वाढवलेली. आधी दगडी खांब, खांबांना तार आणि तारेला धरून मेंदी. मार्चमध्ये शेजाऱ्यांच्या माडीचं काम निघालं आणि चिऱ्यांचा ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली थेट आत आली. बारा फूट कुंपण आडवं, दोन खांब मोडले.

शेजारी म्हणाले, "मेंदीच ती ओ काका, पावसात परत येतंय की!"

मेंदीपुरतं त्यांचं खरं होतं. खांब काही पावसात उगवत नाहीत.

लगेच आवरायला घेऊ नका

मी ही चूक केली. धुणं उघड्यावर पडलं म्हणून बायको वैतागली आणि मी तासाभरात फांद्या गोळा करून पेटवून दिल्या. आमच्या घराच्या विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान बघायला आला तेव्हा दाखवायला दोन खड्डे आणि राख उरली होती. एका खांबाचा तुकडा तेवढा वाचला, कारण नातवाने तो स्टंप म्हणून उचलून नेला होता.

फोटो आधी काढा. एक लांबून, घर आणि कुंपण दोन्ही दिसतील असा. एक चाकाच्या खुणांचा, एक गाडीच्या नंबरचा, आणि मोडलेल्या जागेवर टेप धरून एक. मग कंपनीला कळवा आणि पाहणी होईपर्यंत मोडतोड बाजूला रचून ठेवा. आडोशाला बांबू रोवून हिरवं शेडनेट बांधलं की काम भागतं.

तक्रारीत नेमकं काय लिहिलंय ते बघा

आपल्याकडे बरेच जण कन्नड फाडफाड बोलतात, पण वाचता येत नाही. पोलीस ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहिली गेली आणि मी सही ठोकली. आठवड्याने पुतण्याने वाचून दाखवली, तर त्यात नुसतं 'गिड' मोडल्याचं होतं, म्हणजे झाडं. 'बेली', म्हणजे कुंपण, हा शब्दच नव्हता. खांब नाहीत, तार नाही. पुरवणी जबाब द्यायला पुन्हा दोन खेपा झाल्या.

एका शब्दासाठी एवढी यातायात कशाला? कारण विम्याचा पैसा त्या शब्दावर अडतो. १ एप्रिल २०२१ पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी आली. तिच्यात घराच्या इमारतीतच कंपाउंड भिंत, कुंपण आणि गेट धरलेलं आहे, आणि बाहेरच्या वाहनाच्या धडकेने झालेलं नुकसानही बसतं. झाडांचं तसं स्पष्ट लिहिलेलं नाही. म्हणून दाव्यात खांब, तार आणि मजुरी वेगळी लिहा, रोपांचा खर्च वेगळा. मी सगळं मिळून एकच आकडा टाकला होता. तो कागद परत आला.

गाडीच्या विम्यावर डोळे झाकून विसंबू नका

"गाडीला विमा आहे, मिळतंय की," असं ट्रॅक्टरवाला म्हणाला. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान थर्ड पार्टी विम्यात बसतं. मर्यादा साधारण साडेसात लाखांची असते, पण हप्ता वाचवायला काही मालक ती ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. शिवाय विमा शेतीकामाचा आणि ट्रॅक्टर भाड्याने चिरे वाहतोय, असं असलं की कंपनी हात वर करते. पॉलिसीची प्रत त्याच दिवशी मागून घ्या. वाहन अपघात न्यायाधिकरणाकडे जायचं झालं तर १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे. "बघू, दिवाळीनंतर देतो" या बोलण्यावर ती सहज निघून जाते.

स्वतःच्या कंपनीने दावा नाकारला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर बेंगळुरूच्या विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्याला फी नाही.

मेलेलं समजून उपटू नका

आमच्या माळ्याने नखाने साल खरवडून दाखवली. खाली ओलं हिरवं दिसलं की फांदी जिवंत. मेंदी, डुरांटा, जास्वंद ही झाडं बुंध्यापासून पुन्हा फुटतात. मोरपंखी मात्र तपकिरी लाकडापर्यंत मोडली की फुटत नाही, ती बदलावीच लागते. चिरफळलेली टोकं धारदार कात्रीने साफ कापून बोर्डो पेस्ट लावा : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. युरिया टाकायची घाई नको. मुळं दुखावलेल्या झाडाला त्याने उलट चटका बसतो.

आमची खरी अडचण दुसरीच निघाली. बुंधे फुटले, पण पालवी पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. गवंडी रोज घमेली धुऊन ते पाणी आमच्या बाजूला सोडत होते. सिमेंटच्या पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि झाडाला लोह मिळत नाही. वरचा कडक थर खरवडून काढला, चाकाखाली दबलेली माती कुदळीने मोकळी केली, शेणखत मिसळलं. मधल्या जागेत नवी रोपं मृगाच्या पावसावर लावली. उन्हाळ्यात नर्सरीवाला कितीही आग्रह करो, थांबा.

हद्द मोजल्याशिवाय नवा खांब रोवू नका

खड्डे मोकळे दिसताच शेजाऱ्यांना आठवलं की आमचं कुंपण मुळातच त्यांच्या जागेत दीड फूट आहे. नऊ वर्षं आठवलं नव्हतं! अशा वेळी सीटीएस (सिटी सर्व्हेचा) उतारा काढा, सरकारी मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी त्यांनाही हजर राहायला सांगा. आमची मोजणी झाली. कुंपण जागच्या जागी होतं. तरी नवी रोपं मी हद्दीपासून दोन फूट आत घेतली, म्हणजे छाटायला त्यांच्या अंगणात पाय ठेवायला नको.

भांडण चढलं तेव्हा बायकोने मला आत पाठवलं आणि शेजारच्या अक्कांना परसात बोलावून धुण्याच्या दगडावर बसवलं. "इथून तुमची खिडकी बघा," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून गवंड्यांचं पाणी दुसरीकडे वळलं.

विम्यातून खांब आणि तारेचे पैसे आले, रोपांचे नाहीत. त्या बदल्यात शेजाऱ्यांनी एक ट्रॉली शेणखत टाकलं. यावेळी ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा करायला लावून मी स्वतः पुढे उभा राहिलो. मेंदी आता कमरेला लागते. शेडनेट अजून काढलेलं नाही.