फिल्टर बाटली निवडताना आणि वापरताना या चुका टाळा

फिल्टर बाटली घेणारे बहुतेक जण आधी बाटली पाहतात आणि पाण्याचा विचार मागाहून करतात. बाटलीचा आकार, वजन आणि वेष्टनावर छापलेला लिटरचा मोठा आकडा यांवरून निवड होते. आपण जिथे जाणार आहोत तिथले पाणी झऱ्याचे आहे की साचलेल्या तळ्याचे, त्याच्या वरच्या अंगाला माणसांचा वावर किंवा शेती आहे का, पावसानंतर ते किती गढूळ होते, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत. प्रत्येक फिल्टर बाटली काही ठरावीक गोष्टी अडवते आणि बाकीच्या बिनदिक्कत पुढे जाऊ देते. म्हणून बाटली कोणत्या पाण्यासाठी घ्यायची आहे, हे ठरल्याशिवाय ती चांगली की वाईट, हे सांगताच येत नाही.

विषाणूंना विसरणे

सर्वांत जास्त आढळणारी आणि महागात पडू शकणारी चूक हीच आहे. वजनाने हलक्या असलेल्या बाटल्यांत बहुधा पोकळ तंतूंचा फिल्टर असतो. केसासारख्या बारीक नळ्यांची ती एक जुडी असते आणि त्या नळ्यांच्या भिंतींना ०.१ ते ०.२ मायक्रॉनची छिद्रे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जिआर्डिया या परजीवीच्या कवचबंद पुटी साधारण ८ ते १२ मायक्रॉनच्या आणि क्रिप्टोस्पोरिडियमच्या ४ ते ६ मायक्रॉनच्या असतात, त्यामुळे त्या सहज अडतात आणि अतिसाराला कारणीभूत ठरणारे जिवाणूही या भिंतीपाशी थांबतात. नोरोव्हायरस किंवा हिपॅटायटिस ए या आजाराचा विषाणू मात्र सुमारे ०.०३ मायक्रॉनचा असतो, आणि ०.२ मायक्रॉनचे छिद्र त्याच्या मानाने सहापटीहून अधिक रुंद असते.

माणसाला बाधणारे हे विषाणू मुख्यतः माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात येतात. त्यामुळे वस्तीपासून दूर, उंचावरच्या वाहत्या ओढ्याचे पाणी प्यायचे असेल तर साधा पोकळ तंतूंचा फिल्टर बहुतेकदा पुरतो. वरच्या बाजूला वस्ती किंवा गजबजलेली मुक्कामाची जागा असेल, सांडपाणी मिसळण्याची शक्यता असेल किंवा पूर नुकताच ओसरला असेल, तर तो पुरत नाही. अशा पाण्यासाठी विषाणूही काढण्याची चाचणी झालेली बाटली घ्यावी, म्हणजे सहसा कप आणि दट्ट्या असलेली, जोर लावून पाणी खाली दाबण्याची बाटली. दुसरा मार्ग म्हणजे साध्या फिल्टरला जंतुनाशक गोळ्यांची किंवा उकळण्याची जोड देणे. उकळताना पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर १ मिनिट आणि २,००० मीटरहून अधिक उंचीवर ३ मिनिटे ती टिकू द्यावी.

क्लोरीनच्या गोळ्या वापरताना क्रम चुकवू नये. आधी गाळावे, मग गोळी टाकावी, कारण पाण्यातला मळ क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंसाठी फारसे उरत नाही. नेहमीच्या क्लोरीनला क्रिप्टोस्पोरिडियम दाद देत नाही, पण त्याला फिल्टरने आधीच अडवलेले असते. फिल्टरमधून निसटलेल्या विषाणूंना क्लोरीन मारते. या दोन साध्या गोष्टींची जोडी मला एकाच महागड्या बाटलीपेक्षा अधिक भरवशाची वाटते. फक्त गोळी टाकलेले पाणी ठरलेला वेळ होण्याआधी कार्बन, म्हणजे वास शोषणाऱ्या कोळशाचा थर, असलेल्या फिल्टरमधून ओढू नये, कारण कार्बन ते क्लोरीनच काढून टाकतो.

अतिनील किरणांचा दिवा असलेल्या झाकणांची बाजारात चलती आहे. ती स्वच्छ पाण्यात उपयोगी पडतात, परंतु गढूळ पाण्यात किरण आतपर्यंत पोहोचत नाहीत आणि थंडीत बॅटरी लवकर उतरते, हे धरून चालावे.

टक्केवारीवर विसंबणे

वेष्टनावर ‘९९.९ टक्के जंतू नष्ट’ असे लिहिलेले असते, पण कोणते जंतू, हे अनेकदा लिहिलेले नसते. दहा लाख जिवाणूंपैकी ९९.९ टक्के काढले तरी एक हजार उरतात, ९९.९९९९ टक्के काढले तर एक उरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८७ मध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या साधनांसाठी जो मार्गदर्शक निकष घालून दिला, त्यात जिवाणूंसाठी ९९.९९९९, विषाणूंसाठी ९९.९९ आणि परजीवींच्या पुटींसाठी ९९.९ टक्के अशा तीन वेगळ्या अपेक्षा आहेत. एनएसएफ या मानके ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा पी२३१ हा चाचणीचा नमुनाही त्यावरच आधारलेला आहे. बाटलीच्या माहितीत हे तीन आकडे वेगवेगळे दिलेले आहेत का, ते पाहावे. विषाणूंचा आकडाच नसेल, तर ती बाटली विषाणूंसाठी नाही असेच समजावे.

एनएसएफ ४२ हे मानक दिसले की अनेकांचे समाधान होते, परंतु ते मुख्यतः चव, वास आणि क्लोरीन यांच्याशी संबंधित आहे, रोगजंतूंशी नाही. ‘अमुक मानकानुसार तपासलेली’ आणि ‘अमुक मानकाचे प्रमाणपत्र मिळालेली’ यांतही अंतर आहे. प्रमाणपत्र असेल तर ते देणाऱ्या संस्थेच्या यादीत त्या मॉडेलचे नाव सापडले पाहिजे. छिद्राच्या आकाराबाबतही तेच. ‘सरासरी ०.२ मायक्रॉन’ याचा अर्थ काही छिद्रे त्याहून मोठी असू शकतात असा होतो, म्हणून कमाल आकार दिलेला असेल तोच आकडा धरावा.

कार्बनकडून नको त्या अपेक्षा ठेवणे

ॲक्टिव्हेटेड कार्बन क्लोरीनचा वास, बेचव करणारे घटक आणि काही सेंद्रिय रसायने पकडून ठेवतो. विरघळलेले क्षार, नायट्रेट किंवा समुद्राचे मीठ तो काढत नाही, आणि पोकळ तंतूही ते काढत नाहीत. खाणीतून झिरपणारे पाणी, फवारणी झालेल्या शेतातून वाहून येणारे पाणी आणि हिरवट-निळसर साय धरलेले तळे, या तिन्हींपासून दूर राहणे हाच खरा उपाय आहे. त्या सायीतले काही सूक्ष्मजीव विष तयार करतात. ते विष साध्या फिल्टरमधून निघून जाते आणि उकळल्यानेही नष्ट होत नाही. पाण्यावर अशी साय दिसली तर बाटली कितीही उत्तम असली तरी दुसरा स्रोत शोधावा.

कार्बनची आणखी एक अडचण म्हणजे तो संपल्याची सूचना देत नाही. पोकळ तंतू भरत आले की धार मंदावते आणि आपल्याला कळते, पण कार्बनची ताकद गेली तरी पाणी तितक्याच वेगाने येत राहते. त्यामुळे दोन्ही थर असलेल्या बाटलीत लिटरचे दोन वेगळे आकडे शोधावेत, आणि कार्बनचा भाग ठरलेल्या लिटरनंतर किंवा मुदतीनंतर बदलावा. तंतूंच्या आयुष्याचा छापील आकडा स्वच्छ पाण्याचा असतो; गढूळ पाण्यात तो झपाट्याने खाली येतो.

बाटली भरायची कशी, हे न पाहणे

दुकानात सगळ्याच बाटल्या नळाखाली छान भरतात. बाहेर मात्र पुष्कळदा खडकावरून बोटभर जाडीची पाण्याची धार उतरत असते किंवा वीतभर रुंदीच्या खळग्यात दोन बोटे खोल पाणी असते. त्यात कडक, उंच बाटली आडवी करूनही अर्धी भरत नाही. मऊ पिशवीसारखी बाटली तर साचलेल्या पाण्यात आपोआप उघडतच नाही, तिच्या भिंती एकमेकींना चिकटून बसतात. अशा वेळी एक लांबट पान धारेत ठेवून वर खडा ठेवला, तर पाणी पानाच्या टोकावरून सुटे पडते आणि बाटलीचे तोंड त्याखाली धरता येते. खळग्यासाठी उथळ वाटी किंवा कापलेल्या डब्याचा तळ जवळ असावा. रुंद तोंडाची बाटली या कामी अरुंद तोंडाच्या बाटलीपेक्षा नेहमीच सोयीची पडते.

नळीतून ओढून प्यायच्या बाटलीची मर्यादा आधीच ओळखावी. तिच्यातून फक्त पिता येते. स्वयंपाकाच्या भांड्यात पाणी ओतता येत नाही, जखम धुता येत नाही आणि सोबत्याला पाणी द्यायचे तर तोंड लागलेली नळीच पुढे करावी लागते. एकट्याने दिवसभर फिरायचे असेल तर ती ठीक आहे. मुक्काम असेल किंवा दोघे-तिघे असतील, तर दाबून पाणी बाहेर काढता येईल अशी बाटली घ्यावी. दट्ट्याच्या बाटलीला मात्र शरीराचा बराच भार द्यावा लागतो, हात किंवा मनगट दुखत असलेल्या माणसाला ते जमत नाही. म्हणून विकत घेण्यापूर्वी ती एकदा स्वतः दाबून पाहावी.

गोठलेला फिल्टर पुन्हा वापरणे

माझ्या मते सर्वांत धोकादायक चूक ही आहे, कारण ती दिसत नाही. एकदा ओला झालेला पोकळ तंतूंचा फिल्टर पूर्ण कोरडा होणे कठीण असते. तापमान शून्याखाली गेले की तंतूंमधले पाणी गोठून फुगते आणि भिंतींना तडे जाऊ शकतात. बर्फ वितळल्यावर फिल्टर बाहेरून जसाच्या तसा दिसतो, पाणीही निर्मळ येते, पण त्या तड्यांतून जिवाणू आणि पुटी सरळ पुढे जातात. कडक जमिनीवर जोरात आपटल्यानेही असेच होऊ शकते. जिआर्डियाची लक्षणे साधारणपणे एक ते तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर माणूस घरी परतलेला असतो आणि पोटदुखीचा संबंध त्या बाटलीशी कुणी लावत नाही.

म्हणून थंडीत दिवसा फिल्टर अंगालगतच्या खिशात ठेवावा आणि रात्री पिशवीत नीट गुंडाळून स्लीपिंग बॅगेत घ्यावा. काही फिल्टरच्या माहितीपत्रकात फुंकरीची चाचणी दिलेली असते. पूर्ण भिजवलेल्या फिल्टरच्या स्वच्छ बाजूने तोंडाने जोरात हवा फुंकतात. ओली छिद्रे शाबूत असतील तर तोंडाच्या जोराने हवा पलीकडे जात नाही, आणि गेली तर तंतू फुटलेला असतो. माहितीपत्रकात ही चाचणी नसेल तर करू नये, कारण सर्व फिल्टरांची रचना तशी नसते. शिवाय अगदी बारीक तडा तिच्यात निसटू शकतो, म्हणून फिल्टर गोठला होता हे नक्की ठाऊक असेल तर चाचणीच्या भानगडीत न पडता तो बदलावा.

अडचण आली तर

धार मंदावली म्हणजे फिल्टर बिघडला, असे समजून अनेक जण तो टाकून देतात. मंदावलेला फिल्टर बहुधा आपले काम चोख करत असतो, त्यात फक्त गाळ अडकलेला असतो. माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे स्वच्छ पाणी उलट दिशेने जोरात सोडावे किंवा फिल्टर पाण्यात हलवून धुवावा. तरीही फरक पडत नसेल आणि पाणी जड असेल, तर क्षारांचा थर बसलेला असू शकतो; निर्मात्याची परवानगी असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये भिजवल्याने तो सुटतो. गढूळ पाणी थेट बाटलीत न भरता दुसऱ्या भांड्यात काही तास निवळू द्यावे आणि वरचे पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून घ्यावे, म्हणजे ही वेळ फार कमी येते. खरी शंका घ्यावी ती याच्या उलट घडले तर. गाळ भरत आलेल्या फिल्टरची धार न धुताच एकाएकी मोकळी झाली, तर कुठेतरी भिंत फुटली असावी किंवा रबरी कडी जागेवरून सरकली असावी. कडी तपासून, नीट बसवूनही धार तशीच राहिली, तर तो फिल्टर वापरू नये.

बरेच दिवस ठेवलेल्या बाटलीतून पाणीच येत नसेल तर घाबरू नये; वाळलेल्या तंतूंत हवा अडकलेली असते, आणि फिल्टर तासभर पाण्यात बुडवून ठेवला की ती सुटते. नव्या फिल्टरमधून पहिल्यांदा काळपट पाणी येते ती कार्बनची भुकटी असते, तेवढे पाणी ओतून द्यावे. गरम पाणी, सरबत किंवा क्षारांची पूड फिल्टर लावलेल्या बाटलीत घालू नये. साखरेने छिद्रे बुजतात आणि आत जंतूंची वाढ होते. पूड मिसळायचीच असेल तर गाळलेल्या पाण्यात, वेगळ्या भांड्यात मिसळावी.

फिल्टर शाबूत असूनही माणसे आजारी पडतात, त्याचे कारण अनेकदा झाकणाच्या आट्यांत सापडते. ओढ्यात बुडवलेल्या बाटलीच्या तोंडाशी न गाळलेल्या पाण्याचे थेंब राहतात आणि ते ओघळून तोंड लावायच्या जागेवर येतात. भरताना पिण्याचे टोक झाकलेले असावे, भरल्यावर तोंड आणि आटे कोरड्या कापडाने पुसावेत आणि ते कापड नंतर गाळलेल्या पाण्याच्या भांड्याला लावू नये. कच्च्या पाण्याची पिशवी आणि स्वच्छ पाण्याची बाटली दिसायला सारखी असेल, तर एकीवर ठळक खूण करावी.

घरी परतल्यावर फिल्टर उलट्या दिशेने धुऊन, निर्मात्याने सांगितले असेल त्या जंतुनाशकाने निर्जंतुक करून, झाकण उघडे ठेवून सावलीत वाळवावा. ओला फिल्टर बंद बाटलीत ठेवला तर त्यात बुरशी धरते आणि तो वास पुढे जात नाही. पुढच्या वेळी निघण्याच्या आदल्या आठवड्यातच एक लिटर पाणी गाळायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे आणि नवा असतानाच्या वेळेशी ताडून पाहावे, म्हणजे नवा फिल्टर मागवायला हाताशी दिवस राहतात.