पंधराव्या अध्यायानंतर सोळावा येतो: शिष्यत्वाच्या पहिल्या काही महिन्यांसाठी

शिष्यत्वाच्या, म्हणजे येशूच्या मागे चालायला शिकण्याच्या, वर्गात नव्याने येणाऱ्यांची गाडी हमखास दोन ठिकाणी अडते. काही जण पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांतून उठणं, ही मेल्यावरची सोय असं धरून चालतात, मग सोमवारच्या कामाशी त्याचा काही संबंध लागत नाही. काही जण शिष्यत्व म्हणजे नेमनियमांची यादी समजतात: रोज इतके अध्याय, आठवड्याला इतके उपवास. त्यांचा दीड-दोन महिन्यांत दम निघतो. दोन्हीचं मूळ एकच, आशा एका वहीत आणि आज्ञापालन दुसऱ्या वहीत. बायबलच्या नव्या करारात ही दोन्ही एकमेकांना लागूनच येतात, तेव्हा अभ्यासही तसाच आखावा.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानाने करा, म्हणजे येशूच्या चार वृत्तांतांपैकी एकाने. १६ अध्याय आहेत, सलग वाचलं तर साधारण दीड तासाचं काम. पहिल्यांदा खरंच एका बैठकीत वाचा, मग रोज एक अध्याय घ्या. दुसऱ्या वाचनात तीन जागांवर खूण करा: ८:३१, ९:३१ आणि १०:३३-३४ (आधी अध्याय, मग वचन). तिन्ही ठिकाणी येशू आपल्या मरणाबद्दल आणि पुन्हा उठण्याबद्दल आधीच सांगतो. प्रत्येक वेळी लगेच पुढे काय होतं ते पाहा. पहिल्यांदा त्याचा शिष्य पेत्र त्यालाच दटावतो. दुसऱ्यांदा शिष्य वाटेत आपल्यात मोठा कोण यावर वाद घालतात. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान उजवी-डावीकडच्या जागा मागतात. आणि तिन्ही वेळा येशूचं उत्तर म्हणजे शिष्यत्वाचा धडा: वधस्तंभ उचला, शेवटचे व्हा, सेवक व्हा. शिष्यत्वाची शिकवण मार्कने पुनरुत्थानाच्या भाकिताच्या पाठोपाठ ठेवली आहे. हे तीन उतारे शेजारी शेजारी लिहून काढले तर निम्मा अभ्यासक्रम तिथेच झाला.

मार्कच्या शेवटाला एक खाचखळगा आहे, तो आधीच माहीत असलेला बरा. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकन या दोन प्रसिद्ध हस्तलिखितांत हे शुभवर्तमान १६:८ वर थांबतं. स्त्रिया थरथरत कबरेपासून पळतात आणि भीतीपोटी कोणाला काही सांगत नाहीत, इथे. ९ ते २० ही वचनं बऱ्याच आवृत्त्यांत कंसात किंवा तळटीपेसह येतात. नवखा माणूस ही तळटीप एकट्याने वाचतो आणि हादरतो. हादरायचं कारण नाही. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे करिंथकरांना, पहिलं पत्र लिहिलं ते इ. स. ५५ च्या सुमारास, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते मार्कच्याही आधी. त्यात आपल्याला मिळालेली साक्ष म्हणून पुनरुत्थित ख्रिस्ताच्या दर्शनांची यादीच तो देतो.

पुढचा आठवडा पुनरुत्थानाच्या चार वृत्तांतांसाठी ठेवा: मत्तय २८, मार्क १६:१-८, लूक २४, योहान २० आणि २१. एका पानावर चार रकाने पाडा. कबरेकडे कोण गेलं, तिथे कोण भेटलं, निरोप काय मिळाला, ऐकणाऱ्यांनी काय केलं, एवढंच भरा. रकाने जुळत नाहीत हे लगेच दिसेल. मत्तयात दोन स्त्रिया, मार्कमध्ये तीन, लूकमध्ये त्याहून अधिक, योहानात मरीया मग्दालिया एकटीच पुढे दिसते. मत्तय एका देवदूताबद्दल लिहितो, मार्क एका तरुणाबद्दल, लूक दोन पुरुषांबद्दल. इथे सगळ्यांत मोठी चूक होते ती घाई करून चौघांची एक गोळाबेरीज कथा करण्याची. रकाने तसेच राहू द्या आणि चौघांत समान काय आहे ते खाली लिहा: आठवड्याचा पहिला दिवस, रिकामी कबर, पहिल्या साक्षीदार स्त्रिया, आणि कोणालाच हे अपेक्षित नव्हतं. लूक २४:११ मध्ये प्रेषितांना स्त्रियांचं बोलणं वायफळ वाटतं. प्रत्यक्ष उठण्याचा क्षण तर चौघांपैकी एकानेही रंगवलेला नाही.

याच आठवड्यात योहान ११ आणि योहान २० समोरासमोर ठेवून वाचा. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर चार दिवसांनी कबरेबाहेर येतो तेव्हा त्याचे हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेले आहेत, तोंडाला रुमाल गुंडाळलेला आहे. त्याला मोकळं करायला दुसरी माणसं लागतात. येशूच्या कबरेत तागाची वस्त्रं तशीच पडलेली आहेत आणि डोक्याचा रुमाल वेगळा, एकीकडे गुंडाळून ठेवलेला आहे. लाजर जुन्याच आयुष्यात परत आला. पुढच्याच अध्यायात मुख्य याजक त्याला ठार मारायचा बेत करतात, म्हणजे मरण त्याच्या मागेच आहे. येशूच्या बाबतीत मरणाचा हिशेब संपला आहे. तरीही शिष्य थोमाला दाखवलेल्या हातांवर खिळ्यांचे व्रण आहेत, आणि लूकमध्ये तो शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो. 'आत्मा अमर असतो' एवढ्यावर ख्रिस्ती आशा थांबत नाही, ती शरीरापर्यंत येते. हे एकदा पक्कं बसलं की भुकेल्याला जेवण आणि आजाऱ्याची शुश्रूषा ही कामं प्रार्थनेपेक्षा खालच्या दर्जाची वाटत नाहीत.

मग १ करिंथ १५, म्हणजे पौलाच्या त्याच पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय. ५८ वचनं एका दमात वाचून काही हाती लागत नाही. सहा तुकडे करा: १-११, १२-१९, २०-२८, २९-३४, ३५-४९, ५०-५८. प्रत्येकाला दोन दिवस द्या. पहिल्या दिवशी नुसतं वाचन आणि एका वाक्यात सारांश, दुसऱ्या दिवशी प्रश्न. १२-१९ मध्ये पौल प्रतिपक्षाचं म्हणणं शेवटपर्यंत ताणून दाखवतो: मेलेले उठतच नाहीत असं मानलं तर ख्रिस्तही उठला नाही, घोषणा व्यर्थ, विश्वास व्यर्थ, आपण अजून आपल्या पापांतच. इतक्या सडेतोडपणे आपल्याच श्रद्धेची परीक्षा घेणारा उतारा वरवर वाचून पुढे जाऊ नका. २० मधलं 'प्रथमफळ' हा पुढच्या सगळ्याचा धागा: पहिली पेंढी आली म्हणजे उरलेलं पीक येणार. २९ मधल्या मेलेल्यांसाठीच्या बाप्तिस्म्यावर अभ्यासकांतही एकमत नाही. नवख्याने तिथे तासभर घालवू नये.

खरी गंमत शेवटी आहे. ५८ वं वचन म्हणतं, म्हणून स्थिर राहा, प्रभूमध्ये तुमचे श्रम वाया जात नाहीत. आणि पुढचंच वचन, १६:१, वर्गणीबद्दल! दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीच्या मानाने काही बाजूला ठेवावं, यरुशलेमेतल्या पवित्र जनांसाठी, म्हणजे तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी. मेलेले उठतील तेव्हा वाजणाऱ्या शेवटच्या कर्ण्यावरून पौल थेट पैशाच्या पिशवीवर येतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मूळ पत्रात अध्यायांचे आकडे नव्हतेच, ते शेकडो वर्षांनी आले. म्हणून १५ वा वाचणाऱ्याने १६:१-४ त्याच बैठकीत वाचावं.

वहीतही हाच क्रम ठेवा. रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात: दहा मिनिटं वाचन, पाच लिहायला, उरलेली प्रार्थनेला. आठवड्यातून एकदा एक कृती लिहा, नाव आणि वेळेसकट. 'अधिक प्रेम करीन' ही कृती नव्हे. 'गुरुवारी संध्याकाळी अमक्या आजारी माणसाजवळ अर्धा तास बसेन' ही कृती. पुढच्या आठवड्यात ती झाली की नाही हे विचारणारा कोणीतरी हवा, म्हणून तिघा-चौघांचा गट बरा; दहा-बारा झाले की दोघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात. लूक १४:२८ मधला बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा हिशेब करतो, तसं आपल्याला किती जमेल ते आधी ठरवा. आणि गटाचा पुढारी घरच्यांपासून काही लपवायला सांगत असेल किंवा दानाची रक्कम ठरवून देत असेल, तर पाळकांना सांगा आणि तो गट सोडा. २ करिंथ ९:७ प्रमाणे दान जबरदस्तीने द्यायचं नसतं.

शंका आली म्हणून गट सोडणारेही असतात. त्यांना मत्तय २८:१७ दाखवा. डोंगरावर पुनरुत्थित येशूला नमन करणाऱ्यांतही काहींना संशय होता, आणि जगभर जाण्याची आज्ञा त्यांनाही मिळाली.

शोकाच्या घरी जाण्याची वेळ लवकरच येते, तिथे नवखे फार चुकतात. 'रडू नका, तो प्रभूकडे गेला' हे ऐकायला श्रद्धेचं वाटतं, पण १ थेस्सलनीका ४:१३ तसं म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, एवढंच तिथे आहे. खेदाला मनाई नाही. लाजराला उठवणार हे ठाऊक असूनही येशू रडला. पौलही मरणाला शेवटचा शत्रूच म्हणतो, मित्र नव्हे. तेव्हा पहिल्या भेटीत थोडं बोला, पाणी-जेवणाचं बघा, घरच्यांनी विचारलं तरच वचन वाचा, आणि ते लहान असू द्या. महिन्याभराने पुन्हा जा, कारण तोवर येणारे-जाणारे थांबलेले असतात.

वेळापत्रक लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, हिशेबाने लावता येतं. त्याच्या पहिल्या दिवसापासून, राखेच्या बुधवारपासून, ईस्टरपर्यंत ४६ दिवस. त्यातले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून ४०. हा काळ मार्कसाठी उत्तम, आणि चार रकाने ईस्टरच्या आठवड्यात. पण पुष्कळ जण लेंट काटेकोर पाळतात आणि ईस्टरच्या सोमवारी वही बंद करतात. पुनरुत्थानाचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, ५० दिवसांचा आहे, लेंटपेक्षा मोठा. उपवास तेव्हा थांबला तरी गट, भेटी आणि बाजूला ठेवलेले पैसे चालू राहू द्या, आणि करिंथकरांचा पंधरावा-सोळावा अध्याय लेंटमध्ये उरकून न टाकता या पन्नास दिवसांसाठी राखून ठेवा.